कॅमेरा कुठे उभा होता?

स्वतंत्र अरब चित्रपट पाहून झाला की शेवटची श्रेयनामावली सोडू नका. ती बारीक अक्षरांत भरभर वर सरकते, तरी थांबवून वाचा. तीन गोष्टी शोधायच्या: शूटिंग कोणत्या देशात झालं, पैसे कुठून आले आणि आवाजाचं काम कोणत्या शहरात झालं. पडद्यावर जे गाव दिसलं, ते या तीनपैकी एकाही उत्तरात सापडत नाही, असं पुष्कळदा होतं.

तर्झान आणि अरब नासर हे जुळे दिग्दर्शक बंधू गाझाचे. त्यांच्या ‘गाझा मोन अमूर’मध्ये (२०२०) गाझातल्या एका वयस्क कोळ्याची प्रेमकथा आहे. तिचं चित्रीकरण जॉर्डन आणि पोर्तुगालमध्ये झालं. २०२५ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात सर्वोत्तम दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणारा त्यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन गाझा’ही जॉर्डनमध्येच घडला. शेरियन दाबिस यांनी २०२३च्या शरद ऋतूत इस्रायलव्याप्त वेस्ट बँकेत शूटिंगची सगळी तयारी केली होती. ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं, युनिटला बाहेर पडावं लागलं आणि याफातल्या (हे शहर आज इस्रायलमध्ये आहे) एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा मुख्यतः सायप्रस, ग्रीस आणि जॉर्डनमध्ये उभी राहिली. त्याच सुमारास ॲनमरी जासिर यांची ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९३६च्या पॅलेस्टिनी बंडावरच्या चित्रपटाची तयारी पूर्ण झाली होती. जुनं गाव दुरुस्त करून, शेतात पिकं लावून झाली होती. ते सगळं सोडून त्यांनाही जॉर्डन गाठावं लागलं.

निर्वासन हा या चित्रपटांचा विषय, असं समीक्षेत नेहमी वाचायला मिळतं. माझ्या मते ते अर्धंच आहे. निर्वासन ही या चित्रपटांच्या निर्मितीची अटही आहे. कोणत्या नटाकडे कोणता पासपोर्ट, कोणत्या रस्त्यावर कोणाचा तपासणी नाका, कोणत्या निधीची कोणती अट, यांवर शॉटची लांबी, फ्रेमची रुंदी आणि कधीकधी कथेचा शेवटही ठरतो. हे ध्यानात ठेवून पाहिलं की एरवी ‘शैली’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गोष्टींची कारणं दिसू लागतात.

वेस्ट बँकेचंच घ्या. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९५च्या दुसऱ्या ओस्लो करारानं तिचे अ, ब, क असे तुकडे पाडले. क विभाग सुमारे ६० टक्के, आणि तो पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात. रामल्ला, नाब्लुस, जेनिन ही शहरं पॅलेस्टिनी प्रशासनाकडच्या अ विभागात. वेस्ट बँकेचं ओळखपत्र असलेला ध्वनिमुद्रक परवाना असल्याशिवाय जेरुसलेम किंवा इस्रायलमधल्या नाझरेथ या अरब शहरात जाऊ शकत नाही. नाझरेथची नटी इस्रायलची नागरिक, म्हणून तिला इस्रायली लष्करी आदेशानं अ विभागात जायला कागदोपत्री बंदी. गाझाचा माणूस या दोन्हीकडे नाही. म्हणजे एकाच भाषेची, एकाच कथेतली माणसं कायद्यानं एका जागी उभी राहू शकत नाहीत. मग दोन वेगळी युनिट्स करावी लागतात, समोरासमोरचे संवाद तोडून स्वतंत्र क्लोजअपमध्ये घ्यावे लागतात आणि नाक्यावर तास दोन तास जाणार हे धरूनच दिवसाचं वेळापत्रक आखावं लागतं. दिवसाउजेडी घ्यायचे प्रसंग सकाळी पहिले ठेवतात ते त्यासाठीच. नाक्यावर उशीर झाला तर निदान घरातले, दिव्यांच्या उजेडातले प्रसंग हातात राहतात.

हानी अबू-असद यांच्या ‘पॅरेडाइज नाउ’चं (२००५) शूटिंग नाब्लुसमध्ये सुरू झालं. जवळच क्षेपणास्त्र पडलं, लोकेशन मॅनेजरचं अपहरण झालं, काही परदेशी तंत्रज्ञ निघून गेले. उरलेलं काम नाझरेथमध्ये पूर्ण केलं. नाझरेथ पर्याय म्हणून चालतं, कारण तिथेही दगडी घरं आणि चढाच्या अरुंद गल्ल्या आहेत. पण रस्त्यावर हिब्रू पाट्या असतात आणि गाड्यांना इस्रायली पिवळ्या नंबरप्लेट. त्या टाळायच्या म्हणून फ्रेम आवळावी लागते, कॅमेरा गल्लीत आत शिरतो, आकाश कमी होतं. त्यांच्याच ‘ओमर’मध्ये (२०१३) नायक इस्रायलनं वेस्ट बँकेत उभारलेली विभाजन भिंत दोरीनं चढतो. खऱ्या भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंतच चढायची परवानगी होती, म्हणून वरचा भाग नाझरेथमध्ये बांधलेल्या खोट्या भिंतीवर घेतला.

एलिया सुलेमान यांच्याबाबत हा संबंध सगळ्यांत स्पष्ट दिसतो. ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’चा (२००२) नायक जेरुसलेममध्ये राहणारा, नायिका रामल्लाची. ती नाका ओलांडू शकत नाही, म्हणून दोघं नाक्याशेजारच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून नुसते हात हातात घेतात. संवाद जवळजवळ नाहीत, कॅमेरा हलत नाही. प्रेमाचा प्रसंग कुठे घडणार हे इथे लष्करी आदेश ठरवतो आणि दिग्दर्शक त्या आदेशाचीच रचना करून दाखवतो. कानमध्ये या चित्रपटाला ज्युरी पुरस्कार मिळाला. हलता कॅमेरा असता, तर नाक्याची ती जड, ताटकळणारी वेळ अंगावर आली नसती असं मला ठामपणे वाटतं.

गाडी या सिनेमात वारंवार येते त्यालाही व्यवहाराचं कारण आहे. गाडी म्हणजे चालता सेट: परवाना कमी लागतो, गर्दी जमत नाही, वाटेत अडवलं तर पुढच्या गल्लीत पुन्हा सुरुवात करता येते. जासिर यांच्या ‘वाजिब’मध्ये (२०१७) रोमहून आलेला मुलगा आणि त्याचे वडील नाझरेथमध्ये घरोघर जाऊन बहिणीच्या लग्नाची आमंत्रणं देतात. मुलगा आणि बाप ही कामं सालेह बाक्री आणि मोहम्मद बाक्री या खऱ्या बापलेकांनी केली आहेत. आमंत्रण हातोहात देण्याची प्रथा, प्रत्येक घरातली कॉफी, परदेशी राहिलेल्या मुलाचं शहाणपण आणि तिथेच राहिलेल्या बापाची तडजोड हे सगळं त्या एका जुन्या गाडीत मावतं. वारसा म्हणून पोशाख आणि नाच दाखवणाऱ्या कितीतरी चित्रपटांपेक्षा हा मला थोर वाटतो, कारण इथे वारसा हे त्या दिवशी पार पाडायचं काम आहे.

गाडीतलं चित्रीकरण स्वस्त असलं तरी सोपं नसतं. पुढच्या काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडून चेहरे पुसट होतात. पोलरायझर फिल्टर लावला की प्रतिबिंब कमी होतं, पण त्यात साधारण दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा), म्हणजे संध्याकाळचे शॉट हातचे गेले. इंजिनची घरघर संवादाखाली राहते. माइक सूर्यझडपेत किंवा कपड्यांत लपवतात आणि गाडी बंद ठेवून संवाद पुन्हा एकदा कोरडे मुद्रित करून ठेवतात. सगळ्यांत मोठा घोळ खिडकीबाहेरच्या उन्हाचा. एकच संवाद तीन तास चालला की सावली बापाच्या गालावरून मुलाच्या गालावर गेलेली असते, आणि मग संकलकाला जोडता येत नाही. इजिप्तच्या मोहम्मद दियाब यांनी ‘क्लॅश’मध्ये (२०१६) हेच टोकाला नेलं. २०१३मधला कैरोतला एक दिवस, आणि सगळा चित्रपट सुमारे ८ चौरस मीटरच्या पोलीस व्हॅनच्या आत.

बदली लोकेशन ओळखायचं कसं? आधी दगड पाहा. अम्मानमधला फिकट चुनखडी दगड पॅलेस्टिनी शहरांशी छान जुळतो, म्हणून जॉर्डन पहिली निवड असते. शिवाय तिथला रॉयल फिल्म कमिशन २००३पासून परवानग्यांचं काम पाहतो. मग छपरावरच्या पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब, नंबरप्लेट. समुद्र असेल तर लाटा आणि किनाऱ्याचा उतार. आणि कान उघडे ठेवा. पॅलेस्टाइनच्या शहरी बोलीत ‘क़ाफ’ हा वर्ण गळ्यात अडकून जवळजवळ नाहीसा होतो, अनेक खेड्यांत त्याचा ‘क’ होतो, बदू म्हणजे वाळवंटी जमातींच्या बोलीत ‘ग’. अम्मानचा नट नाब्लुसचा शेतकरी करत असेल, तर तिथला प्रेक्षक पहिल्याच वाक्याला चूक पकडतो. म्हणून चांगले निर्माते बोलीचा प्रशिक्षक सेटवर बसवतात, नुसत्या तालमीला नाही, कारण भावनेच्या भरात नट स्वतःच्या बोलीवर घसरतोच.

बोलीचा हा प्रश्न अव्यावसायिक नट घेऊन मुळातूनच सोडवता येतो, मात्र त्याला वेळ लागतो. नाजी अबू नुवार यांच्या ‘थीब’साठी (२०१४) जॉर्डनच्या वादी रम वाळवंटातल्या बदू लोकांनाच महिनोन्‌महिने अभिनयाचं शिक्षण दिलं गेलं. १९१६च्या काळातली ती कथा त्यांच्याच पूर्वजांच्या वाळवंटात घडते, आणि उंटाला बसवणं, विहिरीत उतरणं यांत कुठे खोटेपणा दिसत नाही. नादिन लबाकी यांनी ‘कफर्नाहूम’साठी (२०१८) दुसरी वाट घेतली. मुख्य भूमिकेतला झैन हा बैरूतमध्ये राहणारा सीरियन निर्वासित मुलगा. सहा महिने शूटिंग, ५०० तासांहून अधिक फुटेज, पहिलं संकलन १२ तासांचं. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित बाईची भूमिका करणाऱ्या इथिओपियन योर्दानोस शिफेराव यांना शूटिंग चालू असताना त्याच कारणावरून खरोखर अटक झाली. असं काम करायचं असेल तर अंदाजपत्रकात वकिलाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो, आणि कोणाला अटक झाली तर कोणते प्रसंग आधी उरकून ठेवायचे याची यादी सहाय्यक दिग्दर्शकाच्या खिशात असावी लागते.

आता पैसा. अरब देशांत स्वतंत्र चित्रपटाला नुसत्या तिकीटविक्रीवर उभं राहता येत नाही, म्हणून पाच-सहा ठिकाणांहून थोडं थोडं गोळा करतात. बैरूतचा अरब कला-संस्कृती निधी ‘आफाक’ (२००७), दोहा फिल्म इन्स्टिट्यूट (२०१०), फ्रान्सचा जागतिक सिनेमा निधी, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड (२००४), रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड. क्रम साधारण ठरलेला: पटकथेला छोटं अनुदान, त्या जोरावर युरोपीय सहनिर्माता, त्यानंतर निर्मितीचा मोठा निधी, आणि शेवटी व्हेनिसमधल्या ‘फायनल कट’सारख्या उपक्रमात कच्चं संकलन दाखवून आवाज आणि रंगसंस्काराची मदत. फ्रेंच पैशाला फ्रेंच निर्माता लागतो आणि काही खर्च फ्रान्समध्ये व्हावा लागतो, तर बर्लिनचा निधी चित्रीकरणाच्या प्रदेशात खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणून छायालेखन अम्मानचं आणि ध्वनिमिश्रण पॅरिसचं, अशी विभागणी नेहमी दिसते. तिची किंमतही असते. स्थानिक बाजाराचा गलका ऐकून न वाढलेला मिश्रक पार्श्वभूमीतली हाक ‘गोंगाट’ म्हणून खाली करतो, आणि मिश्रणाच्या वेळी दिग्दर्शक शेजारी नसेल तर ती हाक कायमची जाते. व्हिसा मिळाला नाही म्हणून दिग्दर्शक शेजारी नसतो, हेही घडतं.

निधी आणि महोत्सवांचा भरवसा नसतो. अबू धाबीचा महोत्सव २०१४च्या आवृत्तीनंतर बंद झाला, २००४पासूनचा दुबईचा २०१७नंतर थांबला, आणि त्यांच्याबरोबर निर्मितीसाठी मिळणारी मदतही आटली. २०२१पासून सौदी अरेबियातल्या जेद्दाचा रेड सी महोत्सव मोठा आधार झाला आहे. ट्युनिशियातला कार्थेज महोत्सव मात्र १९६६पासून आहे आणि ‘तनीत’ पुरस्काराचं वजन आजही टिकून आहे.

पैशाबरोबर देशाचं लेबल येतं आणि तिथे खरी भांडणं होतात. ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’ला २००२मध्ये ऑस्करच्या परभाषी विभागाचं दार बंद राहिलं, कारण पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता नव्हती, पुढच्या वर्षी तोच चित्रपट स्वीकारला गेला. सुहा अर्राफ यांनी ‘व्हिला तूमा’ (२०१४) व्हेनिसला पॅलेस्टिनी म्हणून नोंदवला. त्यात इस्रायली सरकारी निधी होता, त्यामुळे पैसे परत मागितले गेले आणि चित्रपट शेवटी देशाच्या नावाशिवाय दाखवला गेला. लेबनॉनमध्ये १९५५च्या बहिष्कार कायद्यामुळे इस्रायलशी व्यवहार हा गुन्हा ठरतो. झियाद दुएरी यांनी ‘द अटॅक’ (२०१२) इस्रायलमध्ये चित्रित केला, म्हणून तो लेबनॉनमध्ये दाखवता आला नाही आणि २०१७मध्ये बैरूतला परतल्यावर त्यांना चौकशीसाठी रोखलं गेलं. इजिप्तमध्ये पटकथेलाच सेन्सॉरची मंजुरी लागते. इब्राहिम अल-बतूत यांनी ‘ऐन शम्स’ (२००८) तशी मंजुरी न घेताच केला. त्याची ३५ मिमी प्रत मोरोक्कोच्या मदतीनं निघाली, म्हणून कैरोत घडलेल्या त्या चित्रपटाला मोरोक्कन ठरवण्याचा प्रयत्न झाला.

या सगळ्याहून मला अभिलेखांचा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीला मुस्तफा अबू अली, सुलाफा जादल्ला आणि हानी जवहरिये यांनी पॅलेस्टाइन फिल्म युनिट सुरू केलं. जवहरिये १९७६मध्ये लेबनॉनमध्ये चित्रीकरण करतानाच मारले गेले. युनिटचा संग्रह बैरूतमध्ये होता. १९८२च्या इस्रायली आक्रमणानंतर तो नाहीसा झाला. त्या वेळी बैरूतमधून नेलेल्या पॅलेस्टिनी चित्रफितींपैकी काही इस्रायली लष्कराच्या अभिलेखागारात असल्याचं पुढे संशोधनातून उघड झालं. ज्या समाजाचे चित्रपटच नेले गेले, तिथल्या पुढच्या दिग्दर्शकानं करायचं काय? कमाल अल-जाफरी यांचं उत्तर विलक्षण आहे. ‘रिकलेक्शन’मध्ये (२०१५) त्यांनी याफात चित्रित झालेले इस्रायली आणि अमेरिकी कथापट घेतले आणि पुढ्यातले नट डिजिटल पद्धतीनं पुसून टाकले. मागे उरलं ते शहर: भिंती, पायऱ्या, खिडक्या आणि चुकून फ्रेममध्ये आलेले रहिवासी. ‘अ फिदाई फिल्म’मध्ये (२०२४) त्यांनी बैरूतमधून नेलेल्या साहित्याकडे मोर्चा वळवला आणि त्यावर चढवलेला मजकूर लाल रंगानं खोडला.

जिथे मूळ निगेटिव्ह उरली आहे, तिथे पुनर्संस्करण शक्य होतं. शादी अब्देल सलाम यांचा ‘अल-मुमिया’ (१९६९) घ्या. १८८१मध्ये लक्सरजवळ राजांच्या ममींचा गुप्त साठा उघड झाला, त्यावर आधारलेली ही कथा. आजवर ज्या टोळीनं थडग्यांतल्या वस्तू विकून पोट भरलं, तिच्यातलाच एक तरुण कैरोच्या अधिकाऱ्यांना जागा दाखवतो. पूर्वज कोणाचे, विकणाऱ्यांचे की बोटीत घालून नेणाऱ्यांचे, हा प्रश्न चित्रपट सोडवत नाही आणि म्हणूनच तो टिकला. २००९मध्ये बोलोन्यात मूळ ३५ मिमी चित्र आणि ध्वनी निगेटिव्हवरून त्याचं पुनर्संस्करण झालं. अशा कामात आधी फाटलेली छिद्रं आणि जोड हातानं दुरुस्त करतात, मग ओल्या गेटमधून, म्हणजे फिल्म द्रवानं भिजवून, स्कॅन करतात, त्यानं ओरखडे भरून निघतात, मग धूळ काढणं, रंग आणि शेवटी आवाज. सर्वांत जास्त चूक होते ती रंगात. त्या काळच्या रंगीत प्रतींतला निळा आणि हिरवा आधी उडतो, सगळं किरमिजी दिसू लागतं, आणि जाणकार छायालेखक हयात नसेल तर मूळ पहाट किती निळी होती हे सांगायला कोणी उरत नाही. त्याउलट अती साफ केलं की फिल्मचा नैसर्गिक दाणा जातो आणि वाळू मेणासारखी दिसते.

तौफिक सालेह यांच्या ‘द ड्यूप्स’चं (१९७२) पुनर्संस्करण २०२३मध्ये झालं. दिग्दर्शक इजिप्शियन, निर्मिती सीरियाच्या सरकारी चित्रपट संस्थेची, कथा पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनफानी यांची. तीन निर्वासित पाण्याच्या टँकरच्या रिकाम्या टाकीत लपून इराकमधून कुवेतला निघतात. कादंबरीत ती माणसं टाकीवर आतून हात आपटत नाहीत. चित्रपटात आपटतात आणि बाहेर ते कोणाला ऐकू जात नाही. या एका बदलासाठी दोन्ही एकापाठोपाठ वाचावं आणि पाहावं.

सीरियाच्या युद्धानं फुटेजचा अर्थच बदलला. ओसामा मोहम्मद पॅरिसमध्ये अडकले होते. ‘सिल्व्हर्ड वॉटर’ (२०१४) त्यांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफिती आणि होम्समधून विआम सिमाव बेदिरख्शान पाठवत असलेलं चित्रण यांतून बांधला. वाद अल-कतेब यांनी अलेप्पोत सुमारे ५०० तास चित्रण केलं आणि २०१६च्या अखेरीस शहर सोडताना हार्ड डिस्क लपवून बाहेर काढल्या; त्यातून ‘फॉर समा’ (२०१९) झाला. अशा साहित्याशी काम करणाऱ्यानं काही गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. तीन प्रती, त्यांतली एक वेगळ्या शहरात. फोनवरचं चित्रण बदलत्या फ्रेमगतीचं असतं, त्यामुळे दहा मिनिटांत आवाज ओठांपासून सुटतो. संकलनाआधी ते स्थिर गतीत बदलून घ्यावं. फाइलमधली जागेची नोंद पुसावी, पण पुसण्याआधीची प्रत कुलूपबंद ठेवावी, कारण उद्या तीच पुरावा ठरू शकते. आणि इंटरनेटवर आहे म्हणजे जपलेलं आहे असं समजू नये: २०१७मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेनं सीरियातल्या असंख्य चित्रफिती काढून टाकल्या होत्या.

सुदानमधला ‘खार्तूम’ (२०२५) या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. तरुण दिग्दर्शकांनी तो आयफोनवर सुरू केला होता. एप्रिल २०२३मध्ये युद्ध आलं आणि चित्रपटातली माणसं आणि दिग्दर्शक सगळेच नैरोबीला पोहोचले. उरलेले प्रसंग त्या माणसांनी हिरव्या पडद्यासमोर स्वतःच उभे केले. मागचं शहर संगणकानं घातलेलं आहे हे लपवलेलं नाही, आणि ते न लपवणंच योग्य होतं. गाझात रशीद मशरावी यांच्या पुढाकारातून झालेल्या ‘फ्रॉम ग्राउंड झीरो’त (२०२४) २२ लघुपट आहेत, बहुतेक तीन ते सहा मिनिटांचे. वीज आणि चार्जिंग मिळेल तेवढ्यात जे पुरं होतं, तेवढीच ही लांबी.

दाखवायची जागाही शोधावी लागते. अम्र गमाल यांनी २०१८मध्ये ‘टेन डेज बिफोर द वेडिंग’ येमेनच्या एडनमध्ये लग्नाच्या हॉलमध्ये दाखवला, कारण शहरात चालू चित्रपटगृह नव्हतं. कैरोत ‘झाविया’ २०१४पासून अशा चित्रपटांना पडदा देतं.

घरी पाहणार असाल तर उपशीर्षकांकडे लक्ष द्या. मगरेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या अरब देशांच्या, चित्रपटांची इंग्रजी उपशीर्षकं कधीकधी फ्रेंचवरून केलेली असतात. अरबी आणि फ्रेंच यांच्यात माणसं कधी भाषा बदलतात हे त्यात पुसलं जातं, आणि अल्जीरिया किंवा ट्युनिशियाच्या कथेत सगळं नाट्य पुष्कळदा त्या बदलातच असतं. दोन भाषा दोन वेगळ्या अक्षरशैलींत दाखवणारी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. सुरुवात ‘वाजिब’पासून करा, मग ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’, आणि ‘रिकलेक्शन’ त्यानंतर. याफाच्या त्या रिकाम्या भिंती पाहताना काय गेलं आहे हे तोवर ओळखीचं झालेलं असेल.